धीट टिकलीचा लेखक पिंजऱ्यात

सकाळी पावणेसातची वेळ. जानेवारी महिना, साल दोन हजार तीन, वार रविवार. स्थळ पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर, ओढ्याकडेचा ऊस. बिबट्या पकडण्यासाठी लावलेल्या पिंजऱ्याचं लोखंडी दार धाडकन खाली पडलं. आत एक शेळी होती आणि एक इसम होता. शेळीचं नाव टिकली. इसमाचं नाव सुदर्शन, वय बेचाळीस, नोकरी आळेफाट्याच्या एका पतसंस्थेत कारकून. बिबट्या आत नव्हता.

बातमी एवढीच. पण लोक विचारतात, अहो, पण हा माणूस आत गेलाच कसा? प्रश्न रास्त आहे. पिंजऱ्यावर लाल अक्षरांत ‘धोका’ असं लिहिलेलं होतं, आणि सुदर्शन बी. कॉम. होता.

तर सुदर्शन लहान मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहीत असे. हा काही गुन्हा नव्हे. माणसं याहून वाईट नादाला लागतात. पण त्याच्या गोष्टींतले प्राणी एकजात सद्गुणी. त्यातला साप चुकून कुणाच्या अंगावरून गेला तर माफी मागायचा. कोल्हा शेतकऱ्याचं हरवलेलं पाकीट आणून द्यायचा. आणि गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यानं ‘धीट टिकली’ नावाची गोष्ट लिहिली. टिकली ही कपाळावर पांढरा ठिपका असलेली शेळी. घरच्याच शेळीवरून घेतलेली. ती उसात वाट चुकते. तिथं तिला बिट्टू नावाचा बिबट्या भेटतो. तो तिला खाणार, एवढ्यात ढग गडगडतात आणि बिट्टूच थरथर कापायला लागतो, कारण तो गडगडाटाला भीत असतो. टिकली पळून जात नाही. रात्रभर त्याच्या शेजारी बसून राहते. सकाळी दोघे मित्र होतात. मुलांनो, धीट असलं तरी सोबत लागते, असा शेवट.

ही गोष्ट पुण्याच्या एका मुलांच्या मासिकात छापून आली, टिकलीच्या फोटोसकट. (लेखकानं स्वतःचाही फोटो पाठवला होता. तो छापला नाही.)

आता बघा. ज्या साली जुन्नर-आंबेगावातली माणसं दिवस मावळला की कड्या लावून बसत होती, परसाकडं जायचं तर काठी, कंदील आणि दोन शेजारी घेऊन जात होती, त्या साली एका सुशिक्षित माणसानं बिबट्याचं नाव बिट्टू ठेवावं! बिबट्या हा आपला मित्र आहे असं लिहिणाऱ्यांच्या घरात संडास बहुधा आतच असतो. सुदर्शनच्याही होता. शिवाय मित्रत्वाचं म्हणाल तर गोठ्यातली गाय नुसती उठून उभी राहिली तरी हा गृहस्थ दोन पावलं मागं सरायचा. मांजर आडवं गेलं तर अपशकुनाला नव्हे, मांजरालाच घाबरायचा.

पण शाळेत प्रार्थनेनंतर ती गोष्ट वाचून दाखवली गेली. पहिलीतल्या एका पोरानं उसाकडं तोंड करून “बिट्टू, ये, ये” अशी हाक मारली, तेव्हा त्याच्या आजीनं त्याला शाळेपासून घरापर्यंत बडवत नेलं. सुदर्शनला मात्र गावात मान मिळायला लागला. म्हणजे लोक हसायचे; त्याला तो मान वाटायचा.

शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. बिबट्यानं सरपंच सावळेराम यांचं कुत्रं नेलं होतं. (त्याआधी त्यानं चार गरिबांच्या शेळ्या नेल्या होत्या, पण तेव्हा बैठक बसली नव्हती.) खात्याचा माणूस सोपान ट्रॅक्टरला जोडून पिंजरा घेऊन आला. कोणतं खातं ते लिहायची सोय नाही. नाव लिहिलं की दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, सदर बाब आमच्या कक्षेत नाही.

“पिंजरा सरकारचा,” सोपान म्हणाला, “पण आमिष गावानं द्यायचं. शेळी मागच्या कप्प्यात ऱ्हाती. मधी जाड गज. बिबट्या म्होरल्या दारातनं आत शिरतो, फळीवर पाय पडला की दार खाली. शेळीच्या केसाला धक्का लागत नाय.”

“मग तुमच्या साहेबांचीच शेळी आणा की,” कुणीतरी म्हणालं.

“साहेब अंडीबी खात नाय, शेळी कुठली असायला?”

पिंजरा कुठं ठेवायचा यावर गावाचं तात्काळ एकमत झालं. शेळी कुणाची यावर मात्र सगळे देवळाच्या कळसाकडं बघायला लागले. एकाची शेळी गाभण होती. दुसऱ्याची नवसाची होती. तिसरा म्हणाला, “आमची सासुरवाडीची हाय राव. तिला काय झालं तर मला त्या घरात पाणी मिळायचं नाय.”

तेवढ्यात सावळेराम गालातल्या गालात हसत म्हणाले, “आरं, आपल्या गावात बिबट्याला न भिणारी एक शेळी हाय की! फोटू आलाय तिचा पुण्याच्या मासिकात. आपलं ल्येखक सुदर्शनभाऊ बसल्यात ना तिकडं कडंला, त्यांची!”

हशा पिकला. मग टाळ्या पडल्या. आणि इथंच घात झाला. टाळ्यांमध्ये दोन जाती असतात, हे बेचाळीस वर्षांच्या माणसाला कळायला हवं. पण ज्याचा फोटो मासिकानं छापलेला नाही, त्याला टाळी ही टाळीच वाटते. सुदर्शन उठून उभा राहिला, शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाला, “गावाच्या कामासाठी माझी हरकत नाही.”

घरी बायको शैला भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, “कुणाला विचारून हो म्हणालात?”

“अगं, गावाचा प्रश्न होता.”

“शेळी गावाची आहे का? माझ्या भावानं संस्कृतीला दिलीय ती. वाढदिवसाची.”

“तिला काही होत नाही. मध्ये गज असतात.”

“मग तुम्ही बसा की गजाच्या आत.”

“शैला, जरा समजून घे. सगळ्यांसमोर नाव घेतलं माझं. टाळ्या वाजल्या.”

शैलानं तव्यावरची भाकरी उलटली आणि त्या क्षणापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. तिचा अबोला हा साधासुधा नसे. त्यात जेवण वेळेवर मिळायचं, कपडे घडी करून मिळायचे, फक्त शब्द मिळायचा नाही. मागचा अबोला गौरी-गणपतीत सुरू झाला होता आणि दसऱ्याला पाव्हणे आले म्हणून मोडला होता.

खरी परीक्षा पुढंच होती. त्यांची मुलगी संस्कृती आठ वर्षांची. सुदर्शनला वाटलं होतं तशी ती रडली नाही. दिवस मावळता सोपान टिकलीला घेऊन गेला, तेव्हा तीही बापाचं बोट धरून ओढ्यापर्यंत गेली. पिंजऱ्यावर उसाचं पाचट आणि गोणपाट टाकून तो झाकून टाकला होता. मागच्या कप्प्यात टिकली गेली, सोपाननं बाहेरून कुलूप लावलं. संस्कृतीनं आपली लाल शाल गजातून आत सारली, टिकलीच्या पाठीवर टाकली आणि परत येताना वाटेत एकेक प्रश्न काढायला सुरुवात केली.

“पप्पा, टिकली भिणार नाय ना?”

“नाही भिणार.”

“तुमी लिवलंय तशीच?”

“अगदी तशीच.”

“पण गोष्टीत बिट्टू भीत व्हता, तर टिकली त्याच्याजवळ बसली व्हती. आता टिकलीजवळ कोण बसणार?”

लेखकांना वाचकांचे प्रश्न आवडतात, असं ते मुलाखतीत सांगतात. सुदर्शनला हा अजिबात आवडला नाही.

“धीट शेळीला सोबत लागत नाही,” तो म्हणाला.

“लागती. तुमीच लिवलंय शेवटी. धीट असलं तरी सोबत लागते.” पोरगी थांबली. “मी जाऊन बसू?”

“खबरदार! घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. टिकलीची जबाबदारी माझी. सकाळी तू उठशील तेव्हा टिकली तुझ्या हातात देईन. ओरखडासुद्धा उठलेला नसेल तिच्या अंगावर.”

“शप्पत?”

“शपथ.”

संस्कृतीनं त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत पुरा विश्वास होता आणि तोच त्या रात्री सुदर्शनच्या छातीवर दगडासारखा बसला. टिकलीला काही झालं तर शेळी दुसरी आणता येईल. पण पोरगी यापुढं त्याच्या तोंडून एकही गोष्ट ऐकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरात त्याचं ऐकणारं तेवढं एकच माणूस होतं.

पहाटे त्याला जाग आली ती दचकून. शेजारी संस्कृतीचं अंथरूण रिकामं होतं. घडी घातलेलं. चपला नव्हत्या. दाराची कडी काढलेली.

सुदर्शन ताडकन उठून बसला. पोरगी गेली! टिकलीजवळ बसायला गेली! आणि हे तिला कुणी शिकवलं? त्यानंच, छापून, मासिकाच्या मधल्या पानावर!

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? बायकोला विचारील. शैला मागच्या बाजूला बंबात शेणकुटं घालत होती, वीस पावलांवर. पण तिच्याशी अबोला. अबोल्यात पहिला शब्द काढणारा हरतो, हा त्या घरातला नियम. शिवाय विचारणार तरी काय? पोरगी कुठंय म्हणून? म्हणजे ‘तुमच्यामुळंच गेली’ हे ऐकायचं. (आणि तो अबोला तिनं त्या एका वाक्यासाठी आनंदानं मोडला असता.) सुदर्शन काहीही न विचारता, पायजम्यावर स्वेटर चढवून, पुढच्या दारानं पळत सुटला.

वस्तुस्थिती अशी होती की संस्कृती रोज या वेळेला शेजारच्या सरूबाईंबरोबर डेअरीत दूध घालायला जात असे. गेल्या पावसाळ्यापासून. किटली तिच्या हातात, काठी सरूबाईंच्या हातात, आणि उसामधली वाट. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे सुदर्शन सोडून. कारण धाडसावर गोष्टी लिहिणारा हा माणूस आठच्या आत कधी उठलेला नव्हता.

ओढ्यापाशी धुकं होतं. पिंजरा पाचटाच्या ढिगासारखा दिसत होता. “संस्कृती!” त्यानं हळूच हाक मारली. उत्तर नाही. तो पिंजऱ्याच्या तोंडाशी गेला, वाकून आत बघितलं. मागच्या अंधाऱ्या कप्प्यात काहीतरी लाल हलत होतं.

लाल शाल! पोरगी आत आहे!

मागच्या कप्प्याला बाहेरून कुलूप आहे, त्याची किल्ली सोपानकडं आहे, तेव्हा पोरगी आत असूच शकत नाही, एवढा हिशेब पतसंस्थेतल्या कारकुनाला जमायला हवा होता. पण बापाला त्या वेळी हिशेब सुचत नाही, आणि इथं त्याला हसू नये. हसायची जागा पुढं आहे. सुदर्शन “बाळा, मी आलो!” असं म्हणत ओणवा होऊन आत घुसला, त्याचा पाय फळीवर पडला, आणि मागं दार पडलं.

लाल शालीतून टिकलीनं मान बाहेर काढली. त्याच्याकडं बघितलं. रवंथ सुरू ठेवला.

पहिली काही मिनिटं सुदर्शन दार उचलायचा प्रयत्न करत होता. दार सरकारी असल्यामुळं मजबूत होतं. एरवी सरकारी कामाबद्दल आपण किती वाईट बोलतो! मग तो एकदम गार झाला, कारण समोर पाचटाच्या फटीतून त्याला उसाच्या कडेला बिबट्या दिसला.

बसला होता. मांजर उंबऱ्यावर बसतं तसा. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. त्यानं पिंजऱ्याकडं बघितलं, सुदर्शनकडं बघितलं आणि जांभई दिली. सुदर्शननं ओरडायला तोंड उघडलं. आतून आवाजच आला नाही. आणि टिकली? टिकलीनं बिबट्याकडं बघून बें केलं. जीव तोडून ओरडल्यासारखं नव्हे. संस्कृती पाला घेऊन आली की जसं करते, तसं.

दुरून फटफटीचा आवाज आला. बिबट्या उठला आणि उसात शिरला.

दार पडल्याचा आवाज गावानं ऐकलाच होता. “घावला! बिबट्या घावला!” अशी आरोळी उठली आणि पिंपरी पेंढार बांधावर लोटलं. पण एका अंतरावर. पुढं सावळेराम, म्हणजे पुढं असलेल्यांच्या मागं सावळेराम. कुणी ट्रॉलीत चढलं, कुणी बाभळीवर. आळेफाट्याहून जीप भरभरून माणसं यायला लागली. तिथले किराणा व्यापारी सुभाषचंद दुकान उघडायचं सोडून नातवाला खांद्यावर घेऊन आले.

सुदर्शनला वाटलं, सुटलो. त्यानं हाक मारायचा प्रयत्न केला. कोरड्या घशातून खर्रर्र असा आवाज निघाला.

“गुरगुरतोय! ऐका, ऐका!”

“नर हाय. आवाजावरनं कळतं.”

“लई मोठा दिसतोय. पाचट कसं हलतंय बघा.”

त्यानं पाचटाच्या फटीतून हात बाहेर काढला आणि हलवला.

“पंजा! पंजा काढला भाईर!” बायका किंचाळल्या, पुढची रांग मागच्या रांगेवर पडली, बाभळीवरचा एक गडी खाली आला. कुणीतरी ढेकूळ भिरकावलं. ते गोणपाटावर आपटलं. मग दुसरं. तिसरं फटीतून थेट सुदर्शनच्या कानावर.

“ढेकळं मारू नका रे,” सुभाषचंद ओरडले. “मुकं जनावर आहे!”

ढेकळं बंद झाली. या कृपेबद्दल सुदर्शनला त्यांचे आभार मानायचे होते, आणि एव्हाना घसाही ओला झाला होता. तो आता नीट ओरडू शकला असता. पण त्यानं फटीतून बघितलं तर गर्दीत शाळेचे सगळे गुरुजी होते. पतसंस्थेचे मॅनेजर होते, सपत्नीक. त्याला क्षणभर वाटलं, आता काही वेळ बिबट्याच राहिलेलं बरं. निदान बिबट्याला लोक भीत तरी होते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला भीत होतं.

एवढ्यात वाटेनं सरूबाई आल्या आणि त्यांच्यामागं रिकामी किटली वाजवत संस्कृती. ती सुखरूप दिसली तशी सुदर्शनच्या डोळ्यांत पाणीच आलं. संस्कृतीनं गर्दी बघितली, पिंजरा बघितला. आणि कुणाला काही कळायच्या आत ती सरळ पिंजऱ्याकडं चालत निघाली.

“आगं ए पोरी! माघारी फिर! धरा तिला!” सावळेराम ओरडले. धरायला कुणीच पुढं झालं नाही, सावळेरामही नाही.

पोरगी पिंजऱ्यापाशी गेली. फटीला डोळा लावला.

“पप्पा,” ती म्हणाली, “तुमी आत काय करताय?”

त्यानंतर जो आवाज बांधावरून उठला तो हशा नव्हता. पहिल्यांदा ती निराशा होती. “हात् तिच्यायला, सुदर्शन हाय व्हय!” असं म्हणत माणसं ट्रॉलीतून खाली उतरली. एकजण म्हणाला, “एवढ्या लांबनं आलो राव, जीपचं भाडं वाया.” जणू काही सुदर्शननं गावाला फसवण्यासाठी बिबट्याचं सोंग आणलं होतं. हशा नंतर आला, आणि आला तो थांबेचना.

सोपान एम-एटी फटफटीवरून आला तेव्हा ऊन वर आलं होतं. त्यानं आत बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं.

“उघड बाबा लवकर,” सुदर्शन म्हणाला.

“साहेबांच्या समक्ष उघडायचा नियम हाय. साहेब रविवारचं येत नाय.”

“अरे, पण आत माणूस आहे!”

“व्हय, पण नियमात माणूस धरलेला नाय. जनावर धरलंय. मी उघडलं आन् उद्या विचारलं, की कुणाच्या परवानगीनं सोडला, तर?”

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि शैला आली. पदर खोचलेला, हाताला शेण तसंच. तिनं पिंजऱ्यात बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं, मग सोपानकडं.

“उघडतोस का तुला आत घालू?”

सोपाननं ताबडतोब खीळ काढली. दोघांनी दार उचललं. सुदर्शन ओणव्यानंच बाहेर आला. पाचट केसांत, ढेकळाची माती कानात. शैलानं अबोला मोडला. ती म्हणाली, “आंघोळीचं पाणी गार झालं.”

मागचं कुलूप उघडून टिकलीला बाहेर काढलं. संस्कृतीनं तिच्या पाठीवरून, पोटावरून, चारही पायांवरून हात फिरवला. ओरखडाही नव्हता. मग तिनं बापाकडं बघितलं आणि साऱ्या गावादेखत विचारलं, “पप्पा, तुमी टिकलीला सोबत करायला गेला व्हता ना?”

खरं बोलायची ती शेवटची संधी होती. सुदर्शननं आजूबाजूला बघितलं. मॅनेजर बघत होते. गुरुजी बघत होते.

“हो,” तो म्हणाला. “तुला शब्द दिला होता ना.”

गर्दीत जरा चुळबुळ झाली. सरूबाईंनी “बाप असावा तर असा,” म्हणून डोळ्याला पदर लावला. संस्कृतीनं त्याच्या कमरेला मिठी मारली. इथं या माणसानं थांबायला हवं होतं. इथं थांबला असता तर आज गावात त्याला कुणी हसलं नसतं. पण तो लेखक.

“आणि बिबट्या आला होता,” तो म्हणाला. “तिथं, उसाच्या कडेला बसला होता. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. शेवटी त्यालाच नजर वळवावी लागली. मी आत होतो म्हणून शेळी वाचली.”

“काय सांगता!” सावळेराम म्हणाले. “आन् मग तुमास्नी काय म्हणला? रामराम?”

“हसू नका. ठसे असतील. बघा.”

सोपान हसत हसतच बघायला गेला. उसाच्या कडेच्या ओल्या मातीत तो खाली बसला आणि त्याचं हसू गेलं. ठसे होते. ताजे होते, मोठे होते. सुदर्शनची मान पिंपरी पेंढारच्या इतिहासात प्रथमच इतकी ताठ झाली.

सोपान ठशांच्या मागोमाग चालायला लागला. ठसे उसातून निघाले होते, बांध ओलांडला होता आणि सरळ पिंजऱ्याच्या तोंडाशी आले होते. तिथं ते थांबले नव्हते.

“आरं तिच्या,” सोपान हळूच म्हणाला.

पिंजऱ्याच्या तळाला फळी झाकण्यासाठी माती पसरलेली होती. त्या मातीत ठसे होते. दारातून आत. फळीवर स्पष्ट, चार बोटांचा. मग पुढं, शेळीच्या गजांपर्यंत. गजांना लागून माती चेपून सपाट झालेली होती, अंग टाकून कुणी बराच वेळ पडून राहावं तशी. तिथं पिवळे केस चिकटले होते. गजाच्या पलीकडं, अगदी त्याला खेटून, टिकलीची बसायची जागा. आणि मग ठसे परत फिरले होते. फळीवरून, दारातून, बाहेर. फळीवरच्या ठशावर सुदर्शनच्या चपलेचा ठसा उमटला होता. म्हणजे आधी तो गेला, मग हा.

पहिली बोलली संस्कृती.

“म्हणजे पप्पा, टिकलीला आधीपास्नंच सोबत व्हती. तुमी उगंच गेला.”

सोपाननं दार पुन्हा वर चढवलं, खटका लावला, फळीवर काठीनं हलकेच दाबलं. धाड! पुन्हा चढवलं, पुन्हा दाबलं. धाड! तेल घातलेलं, तपासलेलं, चोख दार. सावळेरामांनी कुत्र्याच्या आठवणीनं संतापून स्वतः एक ढेकूळ फळीवर टाकलं. धाड!

“मग बिबट्या आत गेला तवा का नाय पडलं?” त्यांनी विचारलं.

“पडायला पायजे व्हतं,” सोपान म्हणाला.

“आन् हा गेला तवा बरं पडलं!”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “पिंजऱ्यालाबी कळतं, कुणाला धरायचं ते.” त्यावर गाव इतकं हसलं, की टिकली दचकून पळाली आणि तिला धरायला सुदर्शनलाच ओढ्यापर्यंत धावावं लागलं.

पिंजरा त्या आठवड्यात हलवला. पुढं त्याच पिंजऱ्यात आंबेगावात कुठंतरी बिबट्या अडकला म्हणतात, पहिल्याच रात्री. दार बरोबर पडलं. खात्याच्या कागदावर पिंपरी पेंढारपुढं ‘पकडला: एक, सोडला: एक’ अशी नोंद आहे, जनावराचा रकाना कोरा आहे. सरपंचांनी दोनदा लेखी विचारलं, गुरुजींनी एकदा, आणि शैलानं साहेबांना समक्ष गाठून विचारलं. त्या रात्री साठ-सत्तर किलोचा बिबट्या फळीवर पाय देऊन आत गेला, शेळीपाशी पडून राहिला आणि फळीवरूनच बाहेर आला, तेव्हा दार का पडलं नाही, याचा खुलासा खात्यानं अजून केलेला नाही.